सही कुणाची लागते?

"बाटली दाखवा आधी," आत्ती म्हणाल्या.

सिस्टर सुई हातात धरून उभी होती. मी ब्लाऊजची बाही वर सरकवून स्टुलावर बसले होते. मिरजेकडं आम्ही सासूला आईच म्हणतो, पण इचलकरंजीत सगळ्या सुना आत्ती म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले होते.

"कसली बाटली, आजी?"

"सुईत जे भरलंय, ते कशातनं काढलंय ती."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तिनं कचऱ्याच्या ट्रेमधून फोडलेली काचेची कुपी काढून आत्तींच्या पुढं धरली. आत्ती शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांनी ती कुपी माझ्या हातात दिली.

"वाच पद्मा. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. धनुर्वाताचं इंजेक्शन होतं, प्रत्येक गरोदर बाईला देतात ते. खालची तारीखही वाचायला लावली. मग कुठं आत्ती बाजूला झाल्या, तेही एवढ्याच की सिस्टरचा हात त्यांना दिसत राहील.

तपासणीच्या दर खेपेला हे असंच चालायचं. डॉक्टर हेरवाडे मॅडम मला आत बोलवायच्या, की आत्ती माझ्या आधी आत. सोनोग्राफीच्या खोलीत नातेवाइकांना येऊ देत नसत, तर त्या दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या. गोळ्यांचं पाकीट घरी आलं की आधी त्यांच्या हातात जायचं. मला गुदमरायला व्हायचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि या बाईला माझी काळजी आहे की माझ्यावर पहारा आहे, ते मला ठरवता येत नव्हतं.

त्या दिवशी मॅडमनी वजन, रक्तदाब बघितला आणि म्हणाल्या, "पद्मजा, कोरोनाची लस आता गरोदर बायकांनाही देतायत. तू घेऊन टाक. नगरपालिकेच्या शाळेत केंद्र आहे."

मी काही बोलायच्या आत आत्ती म्हणाल्या, "न्हाई."

"आजी, गरोदरपणात हा आजार झाला तर जास्त त्रास होतो. तुमच्या गल्लीतलीच ती मुलगी..."

"ठाऊक हाय. न्हाई म्हटलं न्हवं?"

ती मुलगी म्हणजे त्रिशला. आमच्या घरापासून तिसरं घर. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच बाहेरून सून होऊन आलेली. मे महिन्यात सातव्या महिन्यात होती. ताप आला, दोन दिवस घरीच काढले, मग सांगलीला नेलं. तिथून ती परत आली नाही, आणि बाळही नाही. तिनं जायच्या दिवशी धुऊन वाळत घातलेले दोन गाऊन आणि एक परकर गच्चीवरच्या दोरीवर कितीतरी दिवस तसेच होते. घरातलं कुणी वर जाऊन काढत नव्हतं. मी माझ्या गच्चीवर गेले की ते दिसायचे. त्याच महिन्यात मला दिवस राहिल्याचं कळलं.

म्हणून मला लस हवी होती. भीतीही होती. गल्लीत बायका काय काय बोलत होत्या, लशीनं पोटातलं मूल राहत नाही म्हणून, पुढं कधीच मूल होत नाही म्हणून. कुणाच्या तरी मोबाइलवर रोज नवीन काहीतरी यायचं. पण मला दोरीवरचा परकर आठवायचा आणि मॅडमचं बोलणं खरं वाटायचं.

घरी आल्यावर मी नवऱ्याशी बोलले. घरामागं आमची चार यंत्रमागांची शेड होती, ती टाळेबंदीनंतर नुकतीच सुरू झाली होती. सन्मती कापसाच्या तुसानं भरलेले केस झटकत आत आले.

"अहो, लशीचं काय करायचं?"

"आई काय म्हणते?"

"त्या नको म्हणतायत. तुम्ही काय म्हणता?"

त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. बराच वेळ पीत राहिले.

"मी काही म्हणत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी हो म्हणणार नाही आणि नको पण म्हणणार नाही. तू आईशी बोल."

"मूल तुमचंही आहे ना?"

"आहे की," ते म्हणाले, आणि पुन्हा मागावर निघून गेले. माग सुरू झाला की घरात बोलणं ऐकू येत नाही. मला वाटलं, त्यांना तेच हवं होतं.

माझ्या मनात पहिल्यांदा संशय आला तो तेव्हा. साधा माणूस अशा वेळी काहीतरी एक म्हणतो. काहीच न म्हणणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं.

मग शेजारच्या मालन वहिनींनी त्यात भर घातली. त्या दुपारी तांदूळ निवडायला आमच्या कट्ट्यावर येऊन बसायच्या. आत्ती देवळात गेल्या होत्या.

"तुझी सासू नको म्हणतीया होय लशीला?" त्यांनी विचारलं. "म्हणायचीच. त्या बाईला पोरांचं वावडंच हाय."

"असं का म्हणता?"

"सन्मतीच्या पाठीवर दुसरं का झालं न्हाई, कधी इचारलंस? सगळी गल्ली म्हणायची, हिलाच नको होतं. पहिल्या बाळंतपणात पोट फाडावं लागलं, तवापासनं हिनं धसका घेतला. सासऱ्यांना किती हौस होती पोरांची. देव माणूस. हिला घेऊन कुठं कुठं देवाला फिरले बिचारे."

मी म्हटलं, "मला त्यातलं काही माहीत नाही."

"तुला कोण सांगणार? माझं नाव घेऊ नको म्हणजे झालं." आणि त्या सूप उचलून गेल्या.

आत्ती रोज सकाळी मला काढा देत. तुळस, सुंठ, गवती चहा, आणि आणखी काहीतरी, कडू. त्या दिवसांत घरोघर काढे होतेच, तोवर मी तो निमूट पीत होते. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आत्ती, यात आणखी काय असतं?"

"असतंय पाल्याचं. पी."

"कसला पाला?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "मी देतीया तर इचारालीस होय?"

मी पेला घेऊन मोरीपाशी गेले आणि ओतून दिला. त्यानंतर रोज ओतत राहिले. जी बाई परक्याच्या हातातली कुपी वाचायला लावते, तिनं आपल्या हातातला पेला मात्र न विचारता प्यायचा म्हणावं, हे मला उमजत नव्हतं. आणि जे उमजत नव्हतं ते सगळं मी एकाच ढिगात टाकत होते. दवाखान्यातला पहारा, नवऱ्याचं गप्प बसणं, न झालेलं दुसरं मूल. एकदा असा ढीग साचायला लागला की माणसाला रोज त्यात टाकायला काहीतरी सापडतं. आत्ती माझ्या पोटाकडं बघत असल्या की मला ती नजर कौतुकाची वाटेना.

श्रावणातल्या एका दुपारी वीज गेली. चारही माग एकदम थांबले. यंत्रमागाच्या गावात अशी शांतता झाली की माणसं आवाज खाली आणायचं विसरतात, माग चालू असल्यासारखीच मोठ्यानं बोलत राहतात. मी स्वयंपाकघरात होते. शेडमधून सन्मतींचा आवाज आला.

"आई, एकदा सांगून टाक तिला."

आणि आत्तींचा. "तिला कळता कामा न्हाई. मी मेल्यावर काय ते सांग. समजलं?"

"तिच्या पोटातल्या बाळाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणते."

मग त्यांच्या लक्षात आलं असावं. पुढचं कुजबुजीत गेलं.

मी भिंतीला धरून खाली बसले. पोटातल्या बाळाबद्दल या दोघांना काहीतरी ठाऊक होतं आणि ते मला सांगायचं नव्हतं. घराण्यात काही आजार आहे का? मॅडमनी सोनोग्राफीत काही बघितलं आणि मला सोडून यांना सांगितलं का? आत्ती दाराला पाठ लावून उभ्या असायच्या त्या काय ऐकायला? त्या रात्री मी सन्मतींना विचारलंही नाही. विचारलं असतं तर ते खोटं बोलले असते, आणि मग मला तेही सोसावं लागलं असतं.

मी ठरवलं, लस घ्यायची, आणि घरात कुणाला सांगायचं नाही.

सोमवारी आत्ती देवळात गेल्यावर मी शेडच्या दारातून ओरडून सांगितलं, "जरा बाजारात जाऊन येते." मागाच्या आवाजात सन्मतींनी नुसती मान हलवली. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली.

नगरपालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गात केंद्र होतं. भिंतीवर मुळाक्षरं, फळ्यावर कुणीतरी खडूनं काढलेली सूचना, आणि कोपऱ्यात दोरीवर हिरवा पडदा बांधून केलेला आडोसा. गरोदर बायका आम्ही दोघीच होतो. दुसरीचा नवरा तिच्यासोबत होता आणि तिच्या वतीनं तोच सगळं बोलत होता. टेबलामागच्या सिस्टरनं माझं कार्ड बघितलं, कितवा महिना, काही आजार आहे का, विचारलं. मग एक कागद पुढं केला.

"वाचून सही करा. दोन दिवस ताप येऊ शकतो, हात दुखेल. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यायची."

मी पेन उचललं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब."

आत्ती दारात उभ्या होत्या. देवळातून तशाच आल्या असाव्यात, हातात अक्षतांची डबी होती. धाप लागली होती. नंतर कळलं की मालन वहिनींनी मला रिक्षात बसताना बघितलं होतं आणि पळत देवळात जाऊन सांगितलं होतं.

मला वाटलं, आता हाताला धरून ओढत नेतील. मी पेन घट्ट धरलं.

"आत्ती, मी घेणार आहे," मी म्हटलं. "तुम्ही काही म्हणा."

त्या माझ्याकडं न बघता सरळ टेबलाशी गेल्या.

"ह्यो कसला कागद?"

"संमतीचा, आजी. लस घ्यायला तयार आहे असं."

"सही कुणाची लागती?"

"यांचीच. ज्यांना टोचायचं त्यांची."

"नवऱ्याची?"

"नाही."

"नवऱ्याची लागत न्हाई?"

"नाही हो, आजी. नवऱ्याचा काय संबंध? हात यांचा, सही यांची."

आत्तींनी कागद उचलून उलटसुलट करून बघितला. रांगेतली माणसं चुळबुळ करू लागली. मग त्यांनी विचारलं, "कुठं टोचणार? आत कुठं नेणार?"

"कुठं नाही. त्या पडद्यामागं. दंडाला."

"दुसरं काय करणार?"

"दुसरं काय करायचं?" सिस्टर वैतागली होती, पण आत्तींच्या तोंडाकडं बघून तिचा आवाज खाली आला. "काही नाही आजी. एक सुई, झालं. मग अर्धा तास बाहेर बसायचं."

आत्ती माझ्याकडं वळल्या.

"मॅडम म्हणाली म्हणून घ्यालीस?"

"नाही."

"मग त्रिशलाचं बघून?"

"तेही आहे. पण मला हवीय आत्ती. मला माझ्यासाठी हवीय, आणि याच्यासाठी." मी पोटावर हात ठेवला.

"वाचलंस का कागद?"

"अर्धा."

"सगळा वाच. मग कर सही."

मी सगळा वाचला आणि सही केली. पडद्यामागं गेले तर त्याही आल्या. तिथल्या दुसऱ्या सिस्टरनं पडदा ओढायला हात घातला.

"पडदा उघडा राहू द्या," आत्ती म्हणाल्या.

"अहो, बाकीची माणसं..."

"मी उभी राहते आड. पडदा नको."

आणि पदर पसरून त्या माझ्या आणि वर्गाच्या मध्ये उभ्या राहिल्या. सुई टोचली तेव्हा मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

बाहेर व्हरांड्यात मुलांचे छोटे बाक ठेवले होते. आम्ही एकाच बाकावर बसलो. मला वाटलं होतं, त्या रागावतील किंवा रडतील. त्या डबीचं झाकण उघडत होत्या, मिटत होत्या.

"सन्मती पोट फाडून झाला," त्या म्हणाल्या. "हितं न्हवं, माझ्या माहेराकडच्या गावाला. तालुक्याला नेलं होतं. मी शुद्धीत नव्हते धड."

मी दंडावरचा कापूस दाबून धरला.

"मग दुसरं राहीना. एक वरीस, दोन वरीस. तुझा सासरा मला घेऊन फिरला. कुठल्या कुठं. उन्हातान्हात नारळाची पिशवी खांद्याला लावून माझ्या मागनं चालायचा. मी उपास करायचे, तो बी करायचा. सासू मला काय काय बोलायची, तो तिला गप्प करायचा. लोक म्हणायचे, नवरा असावा तर असा."

शाळेच्या फाटकातून एक रिक्षा आत आली, माणसं उतरली. आत्ती ती आत जाईपर्यंत थांबल्या.

"सन्मती शाळेत जाया लागल्यावर माझा भाऊ मला मिरजेला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेला. तुझा सासरा नको नको म्हणत होता, तरी आला संगट. डॉक्टरनं तपासलं, फोटो काढला पोटाचा. आणि मला म्हणाला, अहो बाई, तुमचं तर मूल बंद करायचं आपरेशन झालेलं हाय. बाळंतपणातच केलंय. तुम्हाला ठाऊक न्हाई होय?"

"मग?"

"मी म्हटलं, न्हाई. कुणी केलं? मला कुणी इचारलं न्हाई. आणि वळून ह्यांच्याकडं बघितलं. तर ह्यांनी मान खाली घातली."

डबीचं झाकण त्यांनी मिटलं.

"तवा कळलं. सही ह्यांची होती. तिथला डॉक्टर म्हणाला होता म्हणे, पुढच्या खेपेला बाई जगायची न्हाई, आत्ताच करून टाकूया. ह्यांनी केली सही. माझ्या चांगल्यासाठीच केली असंल. जीव बी वाचला असंल माझा, काय सांगावं. पण मला सांगितलं न्हाई, पद्मा. ठाऊक असून नारळ वाहिले माझ्या संगट. येवढी वरसं."

भिंतीवरच्या फोटोतले सासरे माझ्या डोळ्यांपुढं आले. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, पण गल्लीत त्यांचं नाव निघालं की माणसं आदरानं बोलत.

"सन्मतींना ठाऊक आहे?"

"तो जाणता झाल्यावर सांगितलं. तवापासनं तो म्हणतो, मी कुणाच्या अंगाचं काही ठरवणार न्हाई. परवा म्हणत होता, तिला सांग, न्हाई तर ती तुला वैरीण समजंल. मी म्हटलं, तिला कळता कामा न्हाई. पोटात पोर असताना कशाला असलं ऐकवायचं. आणि गेलेल्या माणसाचं नाव का खराब करा."

म्हणजे ते होतं. मी इतके दिवस रचलेला ढीग जागच्या जागी बसला, आणि त्यात मला भ्यावं असं काहीच उरलं नाही. उरलं ते वेगळंच होतं, ते मी त्या बाकावर बसून समजून घ्यायचा प्रयत्न करत होते.

"गल्लीतल्या बायका म्हणतात," मी चाचरत म्हटलं, "तुम्हालाच दुसरं नको होतं."

"म्हणू देत. ह्यांचं नाव ऱ्हायलं." मग त्या जराशा हसल्या. "काढा मोरीत ओततीस, ते बी ठाऊक हाय मला."

माझा चेहरा गरम झाला.

"बरं केलंस, ठाऊक न्हाई ते पिऊ नये. खोकल्यावरचा अडुळसा होता त्यात. तू इचारलंस तवाच सांगाय पायजे होतं मी. माझं बी चुकलं."

सिस्टरनं येऊन अर्धा तास झाल्याचं सांगितलं. आम्ही चालतच घरी आलो. त्या माझा हात धरत नव्हत्या, पण मी जिथं थांबेन तिथं थांबत होत्या.

संध्याकाळी मला ताप भरला. आत्ती उशाशी बसून राहिल्या. दर थोड्या वेळानं विचारायच्या, "हलतंय न्हवं?" मी हो म्हणायचे. त्यांचा संशय गेला होता असं मला वाटलं नाही. एवढ्या वर्षांचा तो, एका दुपारीत कसा जाईल? दुसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा त्यांनी देवापुढं दिवा लावला, आणि सन्मती शेडमधून येऊन माझ्या पायाशी बसले.

"आईनं सांगितलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला तुला हो म्हणायचं होतं गं. मॅडम म्हणाल्या तेव्हाच. पण तोंडातून शब्द निघेना."

"कळलं," मी म्हटलं. मला रागही होता थोडा. एकानं न विचारता सगळं ठरवलं, आणि त्यापायी दुसरा जवळ उभं राहायलाही घाबरला. पण तो राग पुढं आमचा आम्ही निस्तरला.

मुलगी हिवाळ्यात झाली. माझंही पोट फाडूनच. आता ती शाळेत जाते आणि आजीला मुळाक्षरं शिकवते; आत्तींना आता औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचता येते.

पण मला राहून राहून आठवतो तो दिवस मुलगी व्हायच्या आधीचा, दुसऱ्या मात्रेचा. दिवाळी होऊन गेली होती. मला पोटामुळं भराभर चालता येत नव्हतं. तोवर गल्लीतल्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांनी लस घेतली होती. आत्तींनी नव्हती घेतली. नगरपालिकेची माणसं घरी येऊन गेली, सन्मतींचे मित्र सांगून गेले, मॅडमनी दोनदा समजावलं. त्या फक्त ऐकून घ्यायच्या. मी त्यांना एकदाही घ्या म्हटलं नाही, आणि सन्मतींनाही म्हणू दिलं नाही.

त्या दिवशी मी टेबलाशी माझा कागद वाचत होते. शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आत्ती बसल्या होत्या. त्यांनी बटव्यातून आपलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

सिस्टर नवीन होती. तिनं कार्ड बघितलं, मग मागं कुणी आहे का ते बघितलं.

"आजी, तुम्हाला कुणी आणलंय?"

"कुणी न्हाई," आत्ती बाही वर सारत म्हणाल्या. "माझी मी आलीया."